मागच्या फाटकाची पंगत

दीपमालाला माणसांच्या आधी झाडं ओळखू येतात. नात्यातल्या लग्नात गेली की मामेआजी कोण आणि चुलतआजी कोण यात तिचा गोंधळ होतो. पण मांडवामागं उभं असलेलं झाड बेहड्याचं की अर्जुनाचं, हे ती हातातलं ताट खाली न ठेवता सांगते. माझी ही मुलगी आता तेहतीस वर्षांची आहे. वनस्पतिशास्त्र शिकली, हिंगणघाटला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे वर्ग चालू असले तर मॅडम, सुट्ट्या लागल्या की कोणी नाही. उरलेला सगळा वेळ तिने आमच्या गावाबाहेरच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, बागेला दिला. तिला तिथं कोणी नेमलं नव्हतं, आणि आमच्या घरातल्या कोणालाही ती तिथं जायला नको होती.

अल्लीपूरच्या रस्त्यावरून आमच्या गावाकडं वळलं की आधी ही बागच लागते. पुढं आमराई, मधे दगडी बांधणीची विहीर, विहिरीपलीकडं लाकडी खांबांची आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची बंगली. भोवती दगडमातीची भिंत. दर्शनी बाजूला मोठं फाटक आणि मागं, नाल्याच्या अंगाला, एक लहान फाटक. मालगुजारी गेली, शेती वाटली गेली, मंडळी नागपूरला राहायला गेली. म्हातारे किसनराव तेवढे शेवटपर्यंत बंगलीत राहिले. दीपमाला शिकत असताना झाडांचा अभ्यास करायला म्हणून पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा त्यांनीच तिला फिरू दिलं. 'मास्तरची पोरगी' म्हणायचे. ते गेल्यावर त्यांचा मुलगा धनंजय अधूनमधून गाडी घेऊन यायचा, कुलूप उघडून बघायचा आणि परत जायचा. बंगलीची एक किल्ली त्याने दीपमालाजवळ ठेवली. तिला वाटलं, त्याने विश्वास टाकला. मला वाटलं, त्याला बिनपगारी राखणदारीण मिळाली.

आमच्या घरात त्या बागेतला आंबा येत नसे. माझे सासरे रामाजी यांचा तसा दंडक होता. मी लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात शेजारणीने टोपलीभर पाडाचे आंबे दिले होते, ते त्यांनी उचलून गाईपुढं ठेवले. ऐन विशीत ते स्वतःच्या वडिलांना सोबत घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते आणि परत आल्यावर घरातलं डफडं त्यांनी नाल्याच्या पुरात सोडून दिलं, एवढं आम्हाला माहीत होतं. बागेचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. जुना राग असेल, म्हणून आम्हीही विचारलं नाही. दीपमाला बागेत जायला लागली तेव्हा ते हयात नव्हते. तिचे बाबा नागसेन, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एवढंच म्हणाले की आजोबाले हे आवडलं नसतं. ती म्हणाली, झाडांनी आजोबाचं काय केलं? वाद तिथं थांबला. थांबला म्हणजे मिटला नाही, घरात बसून राहिला.

तिचं वर्ष बागेवर चालतं. फाल्गुनात नाल्याकाठचे पळस फुलले की ती कॉलेजच्या पोरी घेऊन जाते आणि फुलं उकळून रंग काढून दाखवते. वैशाखात कवेलू फेरायचे असतात. माकडं वर्षभर छपरावर नाचतात. फुटलेले कवेलू काढायचे, चांगले वर सरकवायचे, कुंभाराकडून नवे आणायचे. आता कुंभारही कवेलू करत नाहीत, म्हणून ती आंजीपासून जामपर्यंतच्या गावांत जिथं जिथं जुनं घर पडतं तिथून उतरवलेले कवेलू मागून आणते. पावसाळ्यात विहिरीच्या दगडांत उगवलेले पिंपळ मुळासकट उपटायचे. दसऱ्यानंतर हवा हलकी झाली की वर्ध्या-नागपूरची माणसं येऊ लागतात. त्यांना ती पहाटे पाखरं दाखवते, आमराईतून फिरवते, शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, एकेका आंब्याची ओळख करून देते. पौषात बाजूच्या वावरात हुरडा भाजते. मी एकदा तिच्यासोबत गेले होते. सकाळचं कोवळं ऊन बंगलीच्या ओसरीत तिरपं आलं होतं, भिंतीला नव्या चुन्याचा वास होता, आणि नागपूरची एक म्हातारी बाई खांबाला टेकून नुसती बसली होती. मला तिथं बरं वाटलं, हे मी घरी येऊन बोलले नाही.

काळजी वेगळी होती. बागेत फोन लागत नाही. साप निघतात. दिवस मावळल्यावर नाल्याकडं दारू प्यायला पोरं बसतात. स्थळं येत ती विचारत की मुलगी तिथं नेमकं काय करते, आणि आम्हाला सांगता येत नसे. वस्तीतल्या बायका म्हणत, मास्तरची पोरगी मालगुजाराची वेठ फेडून राह्यली.

तिचा नियम एकच होता: जसं होतं तसं. गवंड्याने ओल आलेल्या भिंतीला सिमेंट मारून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तिने त्याला पाठवून दिलं आणि चुना भिजत घातला. त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाचं पाणी पडतं, हे तिने जुन्या माणसांना विचारून घेतलं. पहिल्या दोन खेपा बिघडल्या, पोपडे सुटले, भिंतीवर मुंग्यांची रीघ लागली आणि गाव हसलं. तिसऱ्या खेपेला जमलं. धनंजयने ओसरीत चकचकीत फरशी बसवायला खोकी आणली होती, ती तिने परत पाठवायला लावली. खांबांचा रंग कोणता होता, जाईचा वेल कोणत्या आंब्यावर होता, विहिरीवर रहाट होता की मोट, हे ती घरोघरी विचारत फिरायची. मी तिला म्हणायचे, इतकं कशाला खोदायचं. ती म्हणायची, नाहीतर उरतं ते आपल्या सोयीचं.

मागच्या हिवाळ्यात धनंजयच्या भावांनी बागेचं लेआऊट पाडायचं ठरवलं. आमराई कापून प्लॉट, विहीर बुजवून मधला रस्ता. धनंजयने दीपमालाला सांगितलं की त्याला स्वतःला बाग ठेवायची आहे, पण भावांना पटेल असं काही दाखवावं लागेल. बागेत माणसं येतात, एखादी कंपनी खर्च उचलते, हे दिसलं तर ते थांबतील. त्यासाठी त्याला एक मोठा कार्यक्रम हवा होता, कुठंही नसतो असा. दीपमालाने त्याला आमराईच्या लग्नाचं सांगितलं.

हे तिला पुंडलिकरावांकडून कळलं होतं. पुंडलिकराव म्हणजे गावातले सगळ्यात जुने शेतकरी, नव्वदीला टेकलेले. आमच्या भागात पूर्वी रीत होती की आमराई लावणाऱ्याने तिचं लग्न लावल्याशिवाय तिचं फळ खायचं नाही. आंबा नवरदेव, जाईचा वेल नवरी. भटजी, अक्षता, वाजंत्री, गावजेवण, सगळं माणसाच्या लग्नासारखं. या आमराईचं लग्न लागलं तेव्हा पुंडलिकराव लहान होते. त्यांनी सांगितलं ते दीपमालाने घरी येऊन जसंच्या तसं आम्हाला सांगितलं.

"तुह्या आजोबाचा बाप डफ वाजवे, मागच्या फाटकाशी. पंगती उठल्या का मंग तुमच्या लोकाईले तेथीच वाढत, भिताडाच्या बाहीर. रामा माह्याच वयाचा. त्याच्यापाशी पत्रावळ नोती, त त्यानं सदऱ्याचा ओचा धरला. वाढप्यानं वरून भात टाकला, चुलीवरून उतरवलेला. पोट पोळलं त्याचं. पोरगा नाचत राह्यला, पण ओचा सोडला नाई, भात सांडू देला नाई. सारे हासले. मीबी हासलो."

तिचे बाबा उठून आत गेले. इतकी वर्षं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं घरात आलं.

दीपमालाने हे सगळं धनंजयलाही सांगितलं. तिचं म्हणणं, त्याला माहीत असायला हवं. लग्न सांगायचं आणि फाटक लपवायचं, हे खोटं होईल. माझी मुलगी हुशार आहे, पण ऐकणारा काय ऐकतो आहे हे तिला अजून कळत नाही.

माघात एका रविवारी धनंजय आमच्या घरी आला. मोकळा माणूस आहे. पाणी प्यायला, चहा मागून घेतला, 'आम्ही असलं काही मानत नाही काकू' असं कोणी न विचारता म्हणाला. कंपनी मिळाली होती. चैत्रातला रविवार ठरला होता, सकाळची वेळ, उन्हं चढायच्या आत. फोनवर त्याने आराखडा दाखवला. कुठं मांडव, कुठं पंगत, कुठं वाजंत्री. मागच्या फाटकाशी त्याने डफवाले ठेवले होते आणि तिथं पळसाच्या पानांवर वेगळी पंगत. फोटो फार सुंदर येतील, म्हणाला. मग नागसेनकडं वळला.

"काका, डफाचा मान तुमच्याच घरचा होता म्हणे. तुम्ही नुसतं दोन मिनिटं हातात धरलं तरी चालेल."

नागसेन म्हणाले, "तो मान आमच्या बापानं नाल्यात सोडला. आता पार वर्धा नदीत गेला असंन. पाहून घ्या, सापडला त."

धनंजय हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

दीपमालाने फोन त्याला परत दिला. मग म्हणाली, "भाऊ, लग्न लावा. पण ते फाटक बंद राहू द्या."

"काऊन? तूच त म्हणते, जसं होतं तसं. फरशी बसवू देली नाई तू मले, रंग बदलू देला नाई. आता हे बदलू म्हणते."

ती चहाचे कप उचलायला लागली. माझ्याकडं उत्तर होतं, पण घरी आलेल्या माणसाला ते देता आलं नाही. त्याच्या बोलण्यात कुठंही कुजकेपणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

पुढचे दिवस ती बागेत जाऊन त्याच्याशी भांडत राहिली. त्याने सांगितलं की कंपनीला तोच भाग आवडला आहे, तो काढला तर राहतं काय, भटजी आणि जेवण तर कुठंही मिळतं. भावांनी मुरमाच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. कार्यक्रम झाला नाही तर चैत्र संपताच झाडांवर आरे चालणार होते.

वस्तीत बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. विहाराच्या महिला मंडळाच्या सुलोचनाबाई घरी आल्या. खुर्ची दिली तरी दारातच उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई, तुमची दीपमाला झाडाचं लगन लावून राह्यली म्हणे. नवरीकडून कोण हाय, तुम्ही का? आमाले पत्रिका देजा बरं, आहेर काय आणाव ते पाह्यतो." मी म्हटलं, ती फक्त झाडं वाचवते आहे. त्या म्हणाल्या, "झाडं वाचोत बाप्पा. बावीस प्रतिज्ञा घरात टांगून ठेवल्या ना, त्याईले कोण वाचवंन?" जाताना चपला घालत म्हणाल्या की पोरगी चांगली आहे, म्हणूनच वाईट वाटते. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी दीपमालाने एक अट घातली. मागचं फाटक उघडायचं असेल तर तिथं ती स्वतः उभी राहील, आणि पहिलं पान वाढायच्या आधी त्या फाटकाशी काय होत होतं ते सगळं सांगेल. रामाजीचं नाव घेऊन सांगेल. धनंजय लगेच तयार झाला. तिला वाटलं, जिंकली. तिचा विश्वास होता की खरी गोष्ट ऐकल्यावर तिथं बसून घास कोणाच्या घशाखाली उतरणार नाही, आणि पंगत आपोआप उठेल.

नागसेन तिला म्हणाले, "आजोबा तेथून निघून आले. तू तेथीच परत चालली." त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले.

त्या रविवारी मी गेले. एकटीच गेले. गाड्या पार अल्लीपूरच्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. बंगली तिने वर्षानुवर्षं राबून उभी केली होती, तशीच उभी होती, चुन्याच्या भिंती, धुतलेली ओसरी, आणि लोक तिच्याकडं बघून खरंच खूश होत होते. आंब्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या. जाईचा वेल कुंडीत होता, कारण जुना मेला होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या. डफ वाजवायला नागपूरची पोरं आणली होती, त्यांना धोतरं नेसवली होती आणि ती सारखी सुटत होती.

मग सगळे मागच्या फाटकाशी आले. दीपमाला फाटकाच्या बाहेर उभी राहिली, पांढऱ्या साडीत. आवाज चढवला नाही. वर्गात शिकवते तशी बोलली. कोणती माणसं इथं उभी असत, त्यांनी या झाडांना लांबच्या नदीचं पाणी कावडीने कसं घातलं आणि त्यांना विहिरीला हात का लावू दिला जात नसे, पंगती उठेपर्यंत ती कशी थांबत. रामाजी नावाच्या मुलाचं सांगितलं. भात, ओचा, पोळलेलं पोट, आणि हसलेले लोक. सगळं सांगितलं. एक बाई डोळे पुसत होती. कोणी हालत नव्हतं. क्षणभर मलाही वाटलं की झालं, आता हे सगळे माना खाली घालून परत जातील.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या बराच वेळ वाजल्या, आणि मग त्या फाटकाशी रांग लागली. मांडवात टेबलं होती, पंखे होते, तिकडं फारसं कोणी गेलं नाही. सगळ्यांना इथंच जेवायचं होतं, भिंतीबाहेर, मातीत बसून, पळसाच्या पानावर. हेच खरं आहे, असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. एका चांगल्या घरच्या तरुणाने कुडत्याचा ओचा पसरला आणि वाढप्याला म्हणाला, यात टाका. बायको फोन धरून तयार होती. वाढप्याने भात घेतला, फुंकून जरा गार केला आणि मग टाकला.

मी दीपमालाकडं बघितलं. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना स्टुलावर पान मांडून देत होती, कारण त्यांना खाली बसता येत नव्हतं.

बाग वाचली. भाऊ आले होते, त्यांनी गर्दी पाहिली. लेआऊट रद्द झालं, ट्रॅक्टरवाल्याला नाही म्हणून कळवलं. आंबे आहेत, विहीर आहे, पुढच्या हिवाळ्यातही लोक येतील. तिला हवं होतं ते झालं, आणि हे म्हणताना माझ्या तोंडाला कडू चव येते.

बुद्धपौर्णिमेला विहाराची सजावट दरवर्षी तीच करायची. बागेतली फुलं, रानातल्या वेली आणायची, लोक बघायला यायचे. यंदा तिला कोणी बोलावलं नाही आणि नको असंही कोणी म्हटलं नाही. ती आदल्या दिवशी टोपली घेऊन गेली तेव्हा प्लास्टिकच्या माळा बांधून झाल्या होत्या. सुलोचनाबाईंनी तिला पेढा दिला. ती टोपली घेऊन परत आली. फुलं दोन दिवस न्हाणीत पडून होती.

मी तिला म्हटलं, झालं ना मनासारखं, आता सोड ते. नागपूरला जा, पीएच.डी. कर. अजून वय गेलं नाही, एक स्थळही आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी सोडलं त पुढच्या वर्षी ही गोष्ट कोण सांगंन, आई? धनंजयभाऊ. ते त्याले मान म्हणतात."

म्हणजे ती तिथं अडकली. झाडांसाठी गेली होती, आता त्या फाटकासाठी राहणार. वर्षभर ती भिंत लिंपायची, कवेलू फेरायचे, आणि चैत्रात तिथं उभं राहून आपल्या आजोबांचं पोळलेलं पोट परक्या माणसांना दाखवायचं. नाही दाखवलं तर दुसरं कोणी त्याला सणाचा रंग देणार.

परवा दुपारी धनंजयचा निरोप आला. हिवाळ्यात दोन कंपन्यांची माणसं यायची आहेत, त्यांनाही मागच्या फाटकाची पंगत हवी आहे. दीपमालाची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. फक्त जरा लांबते, जेवण थंड होतं. पाच मिनिटांत बसव. शिवाय शेवटी ते लोक हसले म्हणून सांगतेस, तिथं पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं.

तिने खाली बसून गोष्ट घड्याळ लावून म्हणून पाहिली. पुन्हा म्हटली. मग मला विचारलं, "काय काढू?"

मी म्हटलं, आजोबांचं नाव काढ. एक मुलगा होता म्हण. निदान आपलं घर तरी त्यात नको.

"मंग तो कोणाचाच नाई होत," ती म्हणाली.

नागसेन खोलीत होते, दार उघडं होतं.

तिने नाव ठेवलं, कावडीचं पाणी ठेवलं, भात ठेवला. लोक हसले ते काढलं. मग पुन्हा घड्याळ लावलं. आता ती पाच मिनिटांत बसते.